चेस्टनटला राख चालत नाही

वहिनीचा पहिला फोन श्रावणात आला. सकाळचे साडेसात झाले असतील, मी माधवनगरच्या घरात चहाचं आधण ठेवत होते. ‘वन्सं, ह्यांनी आज हाकेला ओ दिली न्हाई,’ एवढंच ती म्हणाली, आणि तेवढं पुरेसं होतं. दुसरा फोन त्यानंतर महिन्याभराने आला. पहिल्या फोनवर न रडलेली वहिनी दुसऱ्या फोनवर मात्र हुंदके देत होती. ‘वन्सं, झाडाची पानं पिवळी पडाय लागल्यात. कडंनं करपल्यात. काय करू?’ पहिल्या फोननंतर मी लगेच पिशवी भरून निघाले होते. दुसऱ्या फोननंतर खुर्चीत बसूनच राहिले. माणूस गेल्यावर काय करायचं ते आपल्याकडे ठरलेलं असतं. भावकी जमते, कुणी लाकडं बघतं, कुणी चहा करतं, आपल्याला फक्त सांगितलं तिथे बसायचं असतं. झाड जायला लागलं तर काय करायचं... आणि तेही आपणच केलेल्या गोष्टीमुळे, तर काय करायचं, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चोवीस वर्षं फौजेत होता. हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण आमच्या पाटणच्या डोंगरी भागात पलटणीतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसा तोही मेजर झाला. सुरुवातीला तो लोकांना सुधारायचा, मग त्याने नाद सोडला. स्वभाव मात्र हवालदाराचाच राहिला. एकदा सांगितलेली गोष्ट सांगितली तशीच करायची, त्यात आपली अक्कल घालायची नाही. मी शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण सूचना शेवटपर्यंत वाचणारा विद्यार्थी मला दादाखेरीज दुसरा भेटला नाही. मी त्याला असं म्हटलं की तो म्हणायचा, ‘मास्तरीण, तुज्या शाळंत गोळ्या सुटत न्हाईत. आमच्यात सूचना वाचली न्हाई तर मानूस घरी जात न्हाई.’

त्याची शेवटची नेमणूक उत्तरेकडच्या पहाडात होती. तिथे एका जुन्या बंगल्याच्या आवारात चेस्टनटची मोठमोठी झाडं होती. थंडीच्या तोंडाला त्यांची काटेरी बोंडं तडकायची आणि आतून तपकिरी, चकचकीत बिया जमिनीवर पडायच्या. जवान त्या वेचून आणायचे आणि बुखारीवर, म्हणजे खोलीत पेटवलेल्या लोखंडी शेगडीवर, भाजून खायचे. दादाने तिथून पाठवलेल्या पत्रांत बर्फ, सीमा, शत्रू असलं काही नसायचं. ‘आज परत चेस्टनट भाजले. रताळ्यासारखे लागतात पण त्याहून चांगले,’ असं असायचं. निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा त्याने त्या बंगल्याच्या म्हाताऱ्या माळ्याला गाठलं आणि ही झाडं आमच्या गावाला येतील का, असं विचारलं. माळ्याने आधी जमीन कशी आहे, पाऊस किती पडतो, ते विचारून घेतलं आणि मग सूचना दिल्या. बी वाळू द्यायचं नाही, ओल्या वाळूत ठेवायचं. दोन-तीन महिने थंडीत झोपवायचं. एकटं झाड लावायचं नाही, दोन लावायची, नाहीतर बोंडं पोकळ निघतात. आणि शेवटची सूचना, जी दादा मला माळ्याच्या आवाजात म्हणून दाखवायचा : ‘हवालदार साब, इसको चूना और राख कभी मत देना.’

दादा घरी आला तो ट्रंकेत ओल्या वाळूचा डबा घेऊन. वहिनीने तेव्हा नुकताच फ्रीज घेतला होता, गावातला तिसरा की चौथा. त्याच्या खालच्या कप्प्यात तो डबा जाऊन बसला, थेट संक्रांतीपर्यंत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वहिनी फ्रीज उघडून दाखवायची आणि बायका विचारायच्या, ‘अगं, हे काय गार करत ठेवलंयस?’ एकदा मीच लोणचं समजून त्यात चमचा घातला होता. दादा माझ्यावर असा ओरडला की मी चाळिशीची बाई असून मला धाकट्या बहिणीसारखं रडू आलं. मग त्यालाच हसू फुटलं आणि त्याने वाळू बोटाने बाजूला करून मला दाखवलं, एका बीला पांढरं, नखाएवढं मूळ फुटलं होतं. तसल्या चार बिया निघाल्या. त्यातली दोन रोपं जगली. दाराकडे येणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही अंगांना, बैलगाडी आरामात जाईल एवढं अंतर सोडून, त्याने ती लावली.

गावाने चेष्टा करायची ती केलीच. आमच्याकडे अंगणात आंबा लावतात, फणस लावतात, नारळ लावतात. ‘मेजर, ह्येला नाव तरी काय म्हनायचं?’ असं विचारत लोक थांबायचे. पुढे त्या झाडांना काटेरी बोंडं आली तेव्हा गावानेच नाव ठेवलं, काटंफणस. पण त्याला बरीच वर्षं लागली. त्याआधी सावली आली. लांब, करवतीसारख्या दातेरी पानांची ती दाट सावली मला अजून दुसऱ्या कुठल्या झाडाखाली सापडलेली नाही. दादाने तिच्यात एक खाट टाकली आणि मग अंगणाचं कचेरीत रूपांतर झालं. भरतीला जाणारी पोरं, पेन्शनचे कागद घेऊन येणाऱ्या विधवा, कोण कोण यायचं. वहिनीला मात्र झाडांचा मोहर आवडत नसे, त्याचा वास तिला कसातरीच वाटायचा. मोहराच्या दिवसांत ती दादाला जेवायलासुद्धा मागच्या दाराला बसवायची.

पहिली तीन-चार वर्षं बोंडं पोकळ निघाली. आत चपट्या, कागदासारख्या साली. दादा रोज सकाळी खाली पडलेली बोंडं पायातल्या बुटाने दाबून उघडायचा, आत बघायचा आणि बाजूला ढीग करायचा. दोन्ही झाडं एकाच वेळी मोहरत नव्हती, एक आधी, दुसरं मागून. वाट बघण्याखेरीज त्याला काही इलाज नव्हता. मग एका वर्षी ती जुळली. दादाने मला फोन करून फक्त ‘ये’ म्हटलं. मी गेले तर ताटलीत मोजून एकवीस बिया. भाजायच्या आधी सालीला चीर द्यायची असते, ही सूचना वहिनीपर्यंत पोचली नव्हती. तिने तशाच तव्यावर टाकल्या. पहिलीच बी अशी फुटली की मांजर चुलीजवळून उडून माळ्यावर गेलं आणि दादा सवयीने भिंतीला चिकटला. उरलेल्या वीस आम्ही तिघांनी खाल्ल्या. चव खरंच रताळ्यासारखी होती, पण आत काजूचा गोडवा. दादा एकेक बी सोलून आधी वहिनीच्या हातावर ठेवत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि बायकोला स्वतःच्या हाताने काही खायला देताना मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच मुक्कामात राखेचा विषय निघाला. वहिनी सकाळी चुलीतली राख काढून, सगळ्या गावाच्या बायका करतात तशी, अळूच्या आळ्यात टाकायला चालली होती आणि जाता जाता तिने थोडी चेस्टनटच्या बुडात टाकली. दादाने खाटेवरून उडी मारली. राख ओंजळीने उचलून काढली, वरची मातीही खरवडली. मग मला म्हणाला, ‘माळ्यानं सांगितलं म्हनून मी ऐकतो. पर का चालत न्हाई, ते तू सांग. तू मास्तरीण.’ पुढच्या खेपेला मी शाळेच्या प्रयोगशाळेतून लिटमसच्या पट्ट्या घेऊन गेले. झाडाच्या बुडातली माती पाण्यात कालवली, निळी पट्टी तांबूस झाली. राख पाण्यात कालवली, तांबडी पट्टी निळी झाली. ही आपली जांभ्याची माती आंबट, झाडाला आंबटच लागते, आणि राख तिच्या उलटी, असं मी सांगितलं. दादा आणि वहिनी दोघंही शाळेतल्या पोरांसारखी वाकून बघत होती. दादाने त्या पट्ट्या आपल्या वहीत डकवून ठेवल्या. त्या दिवसापासून त्या अंगणात राखेची चिमूटसुद्धा पडली नाही. म्हणजे झाडाला राख चालत नाही हे गावात तिघांनाच ठाऊक होतं. त्याला, वहिनीला आणि मला.

गेल्या उन्हाळ्यात दादाला धाप लागायला लागली. मिरजेला आणलं, तपासण्या झाल्या, फुप्फुसाचं दुखणं आहे आणि बरंच पुढे गेलंय असं कळलं. दोन महिने तो माझ्याकडे राहिला. मिरजेला जायचं, यायचं, गोळ्या घ्यायच्या. सूचना पाळण्यात त्याने कसूर केली नाही, पण या वेळी सूचना पाळून काही होत नव्हतं. हे त्याला पटायला वेळ लागला. ‘सगळं सांगितलं तसं करतोय की मी,’ असं तो डॉक्टरांना एकदा म्हणाला, तक्रार म्हणून नाही, खरोखर न कळून. डॉक्टर बिचाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळी वहिनीला फोन लावायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, ‘बोंडं किती धरल्यात?’ वहिनी बाहेर जाऊन, मोजून, परत फोनवर येऊन सांगायची. मला तेव्हा रागच यायचा. माणूस असा आजारी, आणि बायकोशी काय बोलायचं तर बोंडं.

जुलैच्या शेवटी त्याने ‘घरी ने’ म्हटलं. गाडीत बसताना तो जे बोलला ते मी शब्दाला शब्द सांगू शकते. ‘शाले, मला नदीला सोडू नका. हाडं बी नकोत आन् राख बी नको. घरच्याच मातीत घाला.’ मी ‘गप बस’ म्हणाले. गप बस, असं म्हणाले मी. कुठल्या मातीत, कुठल्या कोपऱ्यात, हे त्याने सांगितलं असतं कदाचित. सूचना अर्धवट देणारा माणूस नव्हता तो. पुरी करू दिली नाही ती मी.

तिसऱ्या दिवशी सावडायला सगळी भावकी जमली. आमच्याकडे आता बरेच जण राख नदीत न सोडता शेतात नाहीतर झाडाच्या आळ्यात घालतात, चांगली पद्धत आहे, मीच शाळेत मुलांना त्याचं कौतुक सांगितलेलं आहे. दादाचा मुलगा संदीप शिकायला म्हणून गेला तो पुण्यालाच राहिलेला, तिथून आला होता, दोन रात्री झोपलेला नव्हता. पोती भरली, तीन पोती झाली, आणि तो म्हणाला, ‘आबांच्या झाडात घालूया. पायवाटेच्या उजव्या अंगाच्या. खाट असायची तिथं.’ आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरं काय सुचणार होतं कुणाला? मी त्या वेळी वहिनीकडे बघितलं. वहिनीने मान खाली घातली होती. माझ्या तोंडापर्यंत शब्द आला होता. पण तो बोलायचा कसा? सगळे रडतायत, पोरगं बापाला पाठीवर घेतल्यासारखं पोतं घेऊन उभं आहे, आणि आत्या पुढे होऊन म्हणणार की त्याला तिथे नको, त्याने झाडाला अपाय होईल... मला वाटलं, वहिनी बोलेल. तिचा अधिकार. तिचं अंगण. वहिनी बोलली नाही. तिन्ही पोती आळ्यात रिती झाली. वर दूध घातलं, पाणी घातलं. आणि नंतर पंधरा दिवस पावसाने ती सगळी राख मुळांपर्यंत नेऊन पोचवली.

वहिनीच्या दुसऱ्या फोननंतर मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारलं, तो शेतीशाळेत शिकवतो. त्याने फोटो मागवले, बघितले, आणि म्हणाला, ‘बाई, राख आणि वरची वीतभर माती काढा. लवकर काढा. मग गंधक घाला. तरीही मी खात्री देत नाही.’ सांगली भागात गंधकाला तोटा नाही, द्राक्षबागांना ते लागतंच. आमच्या शेजाऱ्यांची तासगावकडे बाग आहे, त्यांनी अर्धं पोतं दिलं. ते गाडीत टाकून मी गावी गेले. राख काढायची आहे हे मी ओसरीवर बसलेल्या तात्यांना, म्हणजे आमच्या चुलत्यांना, सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. ते नुसते म्हणाले, ‘आक्का, घातलेली माती उकरत्यात व्हय? एवढा जलमभर फिरला त्यो. आता कुटं बसलाय, बसू दे की.’ संदीपला फोन केला. तो म्हणाला, ‘आत्या, आई म्हणेल तसं.’ आई म्हणाली, ‘मला न्हाई सांगता यायचं. संदीपला इचारा.’

संध्याकाळी चुलीपाशी आम्ही दोघीच होतो तेव्हा मी तिला विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. ‘वहिनी, त्या दिवशी तुला आठवलं नव्हतं का?’ ती भाकरी थापत होती, हात थांबले नाहीत. ‘आठवलं हुतं की,’ ती म्हणाली. ‘पर तुमी हुता न्हवं तितं. म्हनलं, वन्सं शिकलेल्या हायत. चालत नसंल तर त्या बोलतील.’ भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती उलटली. मी तिला सांगितलं नाही की मी तिची वाट बघत होते. आता सांगून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न विचारता खुरपं घेतलं. वाटलं, कुणीतरी वाईट व्हायला पाहिजे, तर मी होते. उजव्या अंगाच्या झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा होता. पायवाटेच्या पलीकडचं झाड हिरवंगार, बोंडांनी लगडलेलं. ते जगेल. पण हे गेलं तर त्याची बोंडं पुन्हा पोकळ निघतील, दरवर्षी, हे मला माहीत होतं आणि वहिनीलाही माहीत होतं. मी आळ्यात बसले. राख पावसाने घट्ट बसून तिचा पापुद्रा झाला होता. खुरप्याने तो फोडला, एक ओंजळ उचलून बाजूला ठेवली. दुसरी ओंजळ उचलली. तिसऱ्या वेळी खुरप्याला काहीतरी लागलं. बोटाच्या पेराएवढं, पांढरं. नदीला नको म्हणाला होता तो, म्हणून आम्ही सगळंच इथे आणलं होतं... मी ते परत ठेवलं. बाजूला काढलेल्या दोन्ही ओंजळी परत घातल्या. हाताने पापुद्रा सारखा करायला लागले, पण तुटलेला पापुद्रा सारखा होत नाही. गंधकाचं पोतं ओसरीवर होतं तिथेच राहिलं.

मागून पावलं वाजली. वहिनी तांब्या घेऊन आली होती. खुरप्याकडे तिने बघितलं, उकरलेल्या जागेकडे बघितलं. माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि तांब्यातलं ताक सावकाश, चहूबाजूंनी, आळ्यात ओतायला लागली. त्या दुसऱ्या फोनवर तिला धीर देताना मी बोलून गेले होते, राखेवर आंबटाचा उतारा असतो, काहीतरी आंबट पाहिजे. मी ते विसरूनही गेले होते. ती त्या दिवसापासून रोज घरात जेवढं ताक होईल तेवढं झाडाला घालते आहे, स्वतः थेंबभर घेत नाही, हे मला तेव्हा कळलं. तीन पोती राख होती, आणि हा तांब्या. वर्गात हे गणित कुणी मला असं सोडवून दाखवलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तांब्या रिकामा झाला तसा वहिनीने तो उपडा करून झटकला. मग प्रथमच माझ्या डोळ्यांत बघून तिने विचारलं, ‘वन्सं, तुमास्नी ठावं असंल. जगंल न्हवं?’

‘जगंल,’ मी म्हणाले. आणि आणखी ताक आहे का ते बघायला आत गेले.